विम्बल्डन २०२५ : कोण जिंकणार? (यंदा अंदाज दोनदा द्यायचे)

हिरवळ | २७ जून, रात्री
ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता) आला. सोमवारी, ३० जूनला, खेळ सुरू. अंदाजांचा धागा नेहमीचाच, पण यंदा एक नियम बदलतेय. अंदाज दोनदा द्यायचे. पहिली यादी सोमवारच्या पहिल्या सर्व्हिसआधी: उपांत्य फेरीचे चार पुरुष, चार स्त्रिया, विजेता, विजेती, आणि पहिल्याच फेरीत घरी जाणारं एक मोठं नाव. दुसरी यादी शनिवारी, ५ जुलैच्या रात्री, दोन्हीकडे सोळा-सोळा उरले की. पहिल्या यादीतलं काहीही तिथे बदलता येईल.

कारण विचारलंच जाणार, म्हणून आधीच सांगते. पहिल्या तीन-चार दिवसांत तिथलं गवत कोवळं असतं, बेसलाइनमागे, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेमागेसुद्धा शाबूत. चेंडू टप्पा खाऊन वर यायच्या ऐवजी सरपटत पुढे येतो, आणि खेळाडूंचे पाय त्याहून सरपटतात. २०२१ आठवा. सेंटर कोर्टावर एकाच दिवशी, लागोपाठच्या सामन्यांत, आधी फेडररसमोर मानारिनो घसरला आणि मग सेरेना. दोघांनाही सामना सोडावा लागला. दुसऱ्या आठवड्यात तेच कोर्ट बघा. बेसलाइनमागे तपकिरी पट्टा पडलेला, खालची माती टणक झालेली, चेंडू कमरेपर्यंत व्यवस्थित उठतोय. पहिल्या मंगळवारी जो खेळाडू चाचपडतो, तोच दुसऱ्या गुरुवारी आरामात खेळतो. फक्त त्याला तोवर टिकावं लागतं. म्हणून दोन याद्या.

माझी पहिली: सिनर, जोकोविच, अल्काराझ, फ्रिट्झ. सबालेन्का, पाओलिनी, इगा श्वीऑनटेक, पेगुला. विजेते अल्काराझ आणि सबालेन्का. पहिल्या फेरीचा बळी: मेदवेदेव.

ड्रॉपशॉट | २७ जून, रात्री
अल्काराझ. बाकी तीन जागा कोणीही भरा.
२०२३, २०२४ चं विम्बल्डन त्याचंच, आणि आता गवतावरची क्वीन्स स्पर्धाही जिंकून आलाय. पॅरिसला, फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात, सिनरविरुद्ध चौथ्या सेटमध्ये ३-५, ०-४० वरून सामना फिरवला त्याने, पाच तास एकोणतीस मिनिटं. त्यानंतर सिनरला झोप तरी लागते का?

चिपअँडचार्ज | २७ जून, रात्री
सिनर हॅलेला गवतावरच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत बुब्लिककडून हरला. शिवाय स्पर्धा तोंडावर आलेली असताना फिटनेस ट्रेनर आणि फिजिओ, दोघांनाही निरोप दिला. मी त्याला उपांत्य फेरीतसुद्धा धरत नाही. तिथे शेल्टन.
धागाकर्तीच्या गवत-सिद्धान्ताबद्दल नंतर बोलू. ऐकायला छान आहे.

डावखुरी | २८ जून, सकाळी
विजेती इगा श्वीऑनटेक. घ्या लिहून.

चिपअँडचार्ज | २८ जून, सकाळी
ताई, इगा? गवतावर? तिची फोरहँडची ग्रिप एवढी टोकाची वेस्टर्न (तळवा हँडलच्या खाली) आहे की खाली राहिलेल्या चेंडूच्या खाली रॅकेट नेईपर्यंत चेंडू मागच्या पडद्याला लागलेला असतो. लाल मातीवर चेंडू खांद्यापर्यंत उठतो, तिथे ती राणी, मान्य. विम्बल्डनला मात्र २०२३ च्या उपांत्यपूर्व फेरीपुढे गेलेली नाही. गेल्या वर्षीच्या फ्रेंच ओपननंतर एकही विजेतेपद नाही. मानांकन आठपर्यंत घसरलंय.

डावखुरी | २८ जून, दुपारी
ग्रिपचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण तीन गोष्टी सांगते. एक, २०१८ मध्ये याच गवतावर ती मुलींची विजेती होती, म्हणजे गवत तिला अगदीच परकं नाही. दोन, आता तिच्यासोबत विम फिसेट आहे. २०१८ ला कर्बर विम्बल्डन जिंकली तेव्हा तिचा प्रशिक्षक हाच होता. तीन, ती आत्ता बाड होम्बुर्गला अंतिम फेरीत आहे, गवतावरच. आणि पहिल्यांदाच तिच्याकडून कोणी काही अपेक्षा ठेवत नाहीये. ती मोकळी खेळली तर काय होतं ते आपण पॅरिसला २०२० मध्ये पाहिलंय.

पुरुषांत अल्काराझ. पहिल्या फेरीचा बळी: गॉफ. पॅरिस जिंकून आली, मग बर्लिनला गवतावर एकच सामना खेळली आणि तोही हरली.

नवखा_प्रेक्षक | २८ जून, दुपारी
प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. विम्बल्डन म्हणे मानांकन देताना गवतावरची कामगिरी वेगळी मोजतं. मग इगा आठवी कशी? आणि मेदवेदेव नववा?

हिरवळ | २८ जून, संध्याकाळी
ती पद्धत पुरुषांच्या एकेरीसाठी होती आणि २०१९ नंतर गेली. २०२१ पासून जागतिक क्रमवारी जशी असेल तसंच मानांकन. तिथेच गोची आहे. क्रमवारी म्हणजे वर्षभराची बेरीज. त्यातला बहुतेक भाग हार्ड कोर्ट आणि मातीवरचा, गवताचे जेमतेम पाच-सहा आठवडे. म्हणजे पहिला-दुसरा-तिसरा हा जो क्रम आपण बघतो, तो या कोर्टाबद्दल फार कमी सांगतो.

आजोबा७३ | २८ जून, रात्री
वाचतो आहे. गवतावरची झीज हा विषय माझ्या आवडीचा, म्हणून चार ओळी.
बोर्ग, मॅकेन्रो, बेकर, एडबर्ग, सॅम्प्रस यांच्या काळात स्पर्धेच्या शेवटी कोर्ट बघावं तर सर्व्हिस लाइनपासून नेटपर्यंतचा भाग उघडा पडलेला असे. सर्व्हिस करून जो तो पुढे धावणार, त्या पावलांची ती वाट. आता ती वाट हिरवीगार असते आणि बेसलाइनमागे वाळवंट. २००१ पासून तिथे निव्वळ बारमाही राय गवत लावतात, कापून आठ मिलिमीटरवर ठेवतात. हे गवत जास्त तग धरतं, खालची जमीन घट्ट राहते, टप्पा बरा येतो. सर्व्ह-व्हॉलीवाले तिथूनच आटले, असं माझं मत. त्याच वर्षी १२५ व्या क्रमांकाचा इव्हानिसेविच वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, येऊन जिंकला. जुन्या खेळाचा तो निरोप समारंभ म्हणा.
माझा विजेता जोकोविच. ३८ वर्षांचा असला म्हणून काय झालं? आठवं विम्बल्डन, पंचविसावं ग्रँड स्लॅम. स्त्रियांत सबालेन्का.

नोलेभक्त | २८ जून, रात्री
आजोबांना दंडवत. नोले, म्हणजे आपला जोकोविच!!

चिपअँडचार्ज | २९ जून
याद्या बंद होण्याआधी एक आकडा ठेवतो. स्त्रियांमध्ये २०१६ ला सेरेना जिंकली. त्यानंतर मुगुरुझा, कर्बर, हालेप, बार्टी, रिबाकिना, व्होंद्रोउसोव्हा, क्रेचिकोव्हा. दर वेळी नवं नाव. २०२३ ला तर व्होंद्रोउसोव्हा बिनमानांकित होती. त्यामुळे स्त्रियांच्या यादीत डोकं चालवण्यापेक्षा चिठ्ठ्या टाका.
(माझी विजेती तरीही सबालेन्का. चिठ्ठी तिचीच निघाली.)

ड्रॉपशॉट | ३० जून, रात्री
छातीत धडधड. फॉनिनीने पाच सेट काढायला लावले. ३८ वर्षांचा माणूस, या वर्षी मुख्य स्पर्धांत एकही सामना न जिंकलेला, आणि सेंटर कोर्टावर गतविजेत्यासमोर असले फटके मारतोय की अल्काराझ नुसता हसत बघत राहिला. ७-५, ६-७, ७-५, २-६, ६-१. ऊनही भयंकर, विम्बल्डनचा आजवरचा सर्वात तापलेला पहिला दिवस म्हणे.

हिरवळ | ३० जून, रात्री
मेदवेदेव गेला. बोन्झीने चार सेटमध्ये काढला. रुन दोन सेट वर असताना जॅरीकडून हरला. त्सित्सिपासने पाठदुखीमुळे सामना सोडला. आणि हा फक्त सोमवार.

नवखा_प्रेक्षक | ३० जून, रात्री
फ्रिट्झचा सामना कोणी बघताय का? समोरच्या म्पेची पेरिकारने ताशी २४६ किलोमीटरची सर्व्हिस केली! विम्बल्डनमधली आजवरची सर्वात वेगवान, असं समालोचक सांगत होते.

चिपअँडचार्ज | ३० जून, रात्री
बघतोय. आणि मजा म्हणजे तो पॉइंट फ्रिट्झने जिंकला. चेंडू शरीरावरच आला होता, त्याने रॅकेट नुसती मध्ये धरली. गवतावर सर्व्हिस म्हणजे सगळं काही, असं म्हणणाऱ्यांनी तो एक पॉइंट पुन्हा पुन्हा बघावा. अर्थात फ्रिट्झ पहिले दोन सेट टायब्रेकमध्ये (६-६ नंतरच्या निर्णायक गेममध्ये) हरला होता आणि चौथाही टायब्रेकमध्येच कसाबसा वाचवला, तोही सर्व्हिसमुळेच. दोन सेट-दोन सेट. उरलेलं उद्या.

डावखुरी | २ जुलै, मध्यरात्र उलटून
गॉफ! यास्त्रेम्स्काकडून ७-६, ६-१. पहिल्या फेरीच्या बळीचे गुण जमा करा.

हिरवळ | २ जुलै, सकाळी
पहिली फेरी संपली. दोन्ही एकेरी मिळून २३ मानांकित बाहेर, १३ पुरुष आणि १० स्त्रिया. पहिल्या दहांतले आठ: झ्वेरेव्ह, मुसेट्टी, रुन, मेदवेदेव, गॉफ, पेगुला, झेंग, बदोसा. ग्रँड स्लॅमच्या पहिल्या फेरीत अशी कत्तल ओपन युगात झालेली नाही. झ्वेरेव्हचा सामना दोन दिवस चालला, पाच सेटमध्ये रिंडरक्नेशकडे गेला. फ्रिट्झ मात्र मंगळवारी उरलेला सेट ६-४ काढून पुढे.
मी काही बोलत नाही. कोवळं गवत बोलतंय.

चिपअँडचार्ज | २ जुलै, सकाळी
आता बोलू या सिद्धान्तावर.

पेगुलाचं उत्तर द्या. शनिवारी ती गवतावर बाड होम्बुर्ग जिंकली, तेही इगाला हरवून. मंगळवारी कॉचारेत्तोने तिला ५८ मिनिटांत ६-२, ६-३ गुंडाळलं. बुब्लिक हॅले जिंकून आला, पहिल्याच फेरीत गेला. ही दोघं गवतावर चाचपडत होती असं कसं म्हणायचं? दोघंही गवतावरूनच जिंकून आलेली. उलट फ्रिट्झ शनिवारी ईस्टबोर्न जिंकून आला आणि तरला. मला वाटतं, इथे गवतापेक्षा कॅलेंडर जास्त बोलतं. शनिवारी अंतिम सामना, प्रवास, आणि दोन दिवसांत ग्रँड स्लॅम. वर हे ऊन.

हिरवळ | २ जुलै, दुपारी
पेगुलाचा सामना मी पाहिला. कॉचारेत्तो परतीचा प्रत्येक फटका सपाट आणि खोल मारत होती, पेगुलाच्या पायांशी. पेगुला स्वतः सपाट मारते, तिचं सगळं टायमिंगवर चालतं. कोवळ्या गवतावर टप्पा जरा घसरला की तेच टायमिंग तिच्यावर उलटतं. समोरची बिनधास्त असेल तर सावरायला वेळच मिळत नाही, तीन सेटचा सामना तासाभरात हातचा जातो. याच सामन्याला दुसऱ्या आठवड्यात ती अंदाज घेत घेत परतली असती. कॅलेंडरचा मुद्दा मी नाकारत नाही. पण दमणूक सगळ्या स्पर्धांत असते, आणि एवढी पडझड तिथे होत नाही.

आजोबा७३ | २ जुलै, दुपारी
दोघंही बरोबर आहात, भांडा.
पडझडीची एक आठवण. १९७३ ला पिलिच या खेळाडूवरच्या बंदीवरून ८१ खेळाडूंनी बहिष्कार घातला होता, मोठी मोठी नावं नव्हतीच. त्या रिकाम्या ड्रॉमध्ये आपला विजय अमृतराज उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि कोडेशशी पाच सेट झुंजून हरला, शेवटचा ७-५. कोडेश पुढे विजेता. त्या पाचव्या सेटची हळहळ अजून जात नाही. पुन्हा १९८१ मध्येही विजय तिथवर गेला होता. रामनाथन कृष्णन तर १९६० आणि ६१ ला उपांत्य फेरीत. एकेरीत त्यापुढे आपलं कोणी नाही.

नवखा_प्रेक्षक | २ जुलै, रात्री
पाओलिनी पण गेली. गेल्या वर्षीची उपविजेती ना ही?

डावखुरी | २ जुलै, रात्री
हो, तीच. रखिमोव्हाने काढली. पहिल्या पाचांतली एकटी सबालेन्का उरली.

नोलेभक्त | ३ जुलै
ड्रेपर आऊट! चिलिचने चार सेटमध्ये बाहेर काढला. म्हणजे नोलेच्या वाटेतला एक मोठा काटा गेला.

चिपअँडचार्ज | ३ जुलै
चिलिच ३६ वर्षांचा आहे. २०१७ चा उपविजेता. गवत कोणाला आठवतं, कोणाला नाही, हे बघण्यासारखं आहे खरं.

हिरवळ | ५ जुलै, रात्री
दुसऱ्या याद्या टाका. उद्या चौथी फेरी.
इगा मॅकनॅलीविरुद्ध पहिला सेट हरली होती, ५-७. त्यानंतर एकही सेट गेलेला नाही. शिवाय रिबाकिनाला टॉसनने परस्पर काढलंय, त्यामुळे इगाला चौथ्या फेरीत ती भेटणार नाही. सिनरने तीन सामन्यांत मिळून १७ गेम गमावलेत, फक्त १७. मी पुरुषांत बदलतेय: सिनर. स्त्रियांत सबालेन्काच. रॅडुकानूविरुद्धचा पहिला सेट ज्या ताकदीने खेचून आणला, ते बघून.

ड्रॉपशॉट | ५ जुलै, रात्री
मी काय बदलणार? अल्काराझ. स्त्रियांत अनिसिमोव्हा, तिच्या बॅकहँडसाठी. पहिल्या फेरीत पुतिन्त्सेव्हाला ६-०, ६-० हरवलं होतं तिने, कोणाच्या लक्षात आहे का?

चिपअँडचार्ज | ५ जुलै, रात्री
अल्काराझ, सबालेन्का. सिनर बदलत नाही, म्हणजे अजूनही धरत नाही. नार्डी, वुकिच, मार्टिनेझ यांच्याविरुद्धचे १७ गेम म्हणजे परीक्षा नव्हे.

डावखुरी | ५ जुलै, रात्री
इगा आणि अल्काराझ. तसेच.

आजोबा७३ | ५ जुलै, रात्री
जोकोविच आज केकमानोविचविरुद्ध विम्बल्डनमधला शंभरावा सामना जिंकला. मी घोडा बदलत नाही.

नवखा_प्रेक्षक | ६ जुलै, संध्याकाळी
पावल्युचेन्कोव्हा-कार्टल सामन्यात हे काय झालं? कार्टलचा चेंडू ढळढळीत बाहेर पडला, आमच्या घरातून दिसला, आणि यंत्र गप्प!

चिपअँडचार्ज | ६ जुलै, संध्याकाळी
यंदा लाइन जजेस काढून टाकले ना, सगळं यंत्रावर. कोर्टाच्या एका बाजूची यंत्रणा चुकून बंद केलेली होती म्हणे, आणि कोणाला पत्ताच नाही. ४-४, पावल्युचेन्कोव्हाला गेम पॉइंट. चेंडू बाहेर म्हणजे गेम तिचा. पंच खुर्चीत बसलेले, त्यांनाही दिसला असणारच, पण नियमाला धरून पॉइंट पुन्हा खेळवला. तो गेम कार्टलला गेला.
नशीब की पावल्युचेन्कोव्हा टायब्रेकमध्ये सेट जिंकली आणि सामनाही. ती हरली असती तर आज रात्रभर हाच विषय पुरला असता. मला यंत्राचा राग नाही. माणसाच्या डोळ्यांसमोर चेंडू बाहेर पडतो आणि त्या माणसाला बोलण्याचा अधिकार उरत नाही, हे मात्र अजब आहे.

आजोबा७३ | ६ जुलै, रात्री
मॅकेन्रोचं निम्मं आयुष्य वाया गेलं म्हणायचं. भांडणार कोणाशी?

ड्रॉपशॉट | ७ जुलै, रात्री उशिरा
दिमित्रोव्ह. अरेरे.

हिरवळ | ७ जुलै, रात्री उशिरा
मला बोलवत नाहीये. ६-३, ७-५, तिसऱ्यात २-२. सिनरला पूर्ण निष्प्रभ केलं होतं. बॅकहँडचा स्लाइस (चेंडूखाली कापून मारलेला फटका) इतका खाली ठेवत होता की सिनरला प्रत्येक फटका वाकून, वर उचलून मारावा लागत होता. दुसऱ्या सेटनंतर उजेडासाठी छत बंद केलं. मग सर्व्हिस करताना दिमित्रोव्हने छातीचा उजवा भाग धरला आणि तिथेच बसला. सिनर धावत पलीकडे गेला, बाहेर जाताना त्याची बॅगही यानेच उचलली. लागोपाठ पाचव्या ग्रँड स्लॅममध्ये दिमित्रोव्हला सामना अर्धवट सोडावा लागतोय.

चिपअँडचार्ज | ७ जुलै, रात्री उशिरा
वाईट वाटलं, मनापासून. एकहाती बॅकहँड गवतावर काय करू शकतो, त्याचा दीड तास धडा होता तो.
पण हिरवळताई, आजचा दिवस तुमच्या विरोधात जातो. दुसरा आठवडा, कोर्ट तुमच्या म्हणण्याप्रमाणे टणक, आणि बेसलाइनवर जगातला सर्वात भक्कम खेळाडू एका स्लाइसवाल्यापुढे दोन सेट मागे. वर पहिल्याच गेममध्ये घसरून कोपर दुखावून घेतलं.

हिरवळ | ८ जुलै, सकाळी
स्लाइस कुठल्याही आठवड्यात खालीच राहतो, तो फटकाच तसा आहे. राहिली कोपराची गोष्ट. तेच आता ठरवणार सगळं. आज सिनर सरावाला आला नाही तर माझी दुसरी यादी संपली.

नोलेभक्त | ८ जुलै, सकाळी
काल नोलेने डी मिनॉरविरुद्ध पहिला सेट १-६ घालवला आणि मग सलग तीन ६-४. समोर बॉक्समध्ये फेडरर बसलेला. फेडरर बघायला आला की आमचा माणूस हरतो, असं स्वतःच गमतीत म्हणाला. मोडलं एकदाचं.

ड्रॉपशॉट | ८ जुलै, रात्री
नॉरी ६-२, ६-३, ६-३. इंग्लंडच्या प्रेक्षकांसमोर, दीड-पावणेदोन तासांत. उपांत्य फेरीत फ्रिट्झ.

डावखुरी | ९ जुलै, रात्री
इगा उपांत्य फेरीत. सॅमसोनोव्हाला ६-२, ७-५. ग्रिपवाले कुठे गेले?

चिपअँडचार्ज | ९ जुलै, रात्री
इथेच आहे. आजचा सामना नीट पाहिला. ती फोरहँडचा पल्ला आखूड करतेय. रॅकेट पूर्वीएवढी मागे जात नाही, चेंडू उठायची वाट बघत नाही, पुढे सरकून लवकर घेते. सर्व्हिसही यंदा जोरकस. आणि हो, चेंडू कमरेशी येतोय. कोर्ट झिजलंय. हे मी म्हटलं असं कुठे सांगू नका.
सिनर शेल्टनविरुद्ध कोपरावर बाही घालून खेळला आणि सरळ तीन सेट. कोपर ठीक दिसतंय.

नवखा_प्रेक्षक | १० जुलै, रात्री
सबालेन्का हरली!!! अनिसिमोव्हा ६-४, ४-६, ६-४. गेल्या वर्षी ही मुलगी इथे पात्रता फेरीत हरली होती ना?

ड्रॉपशॉट | १० जुलै, रात्री
हो. २०२३ मध्ये तर काही महिने टेनिसच सोडून दिलं होतं तिने, मन थकलं म्हणून. सबालेन्काच्या जोराला जोराने उत्तर देणारी आज ती एकटी दिसली. दुसऱ्या सर्व्हिसवर उभी कुठे राहत होती बघितलंत? जवळजवळ बेसलाइनच्या आत.

डावखुरी | १० जुलै, रात्री
इगाने बेन्सिचला ६-२, ६-० दिला. शनिवारी अनिसिमोव्हा चांगली झुंजणार. तीन सेट.

आजोबा७३ | ११ जुलै, रात्री
जोकोविच हरला. ६-३, ६-३, ६-४. कोबोलीविरुद्ध शेवटच्या गेममध्ये पडला होता, आज पाय उचलत नव्हता. पण सिनरच्या परतीच्या फटक्यांना तंदुरुस्त जोकोविचकडेही आज उत्तर असतं असं मला वाटत नाही. घोडा तबेल्यात.

ड्रॉपशॉट | ११ जुलै, रात्री
फ्रिट्झकडे चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये ६-४, दोन सेट पॉइंट होते. आमच्या पोराने सलग चार पॉइंट घेतले. रविवारी पॅरिसचा पुढचा भाग.

हिरवळ | १२ जुलै, रात्री
५७ मिनिटं. ६-०, ६-०. अंतिम सामन्यात.

चिपअँडचार्ज | १२ जुलै, रात्री
विम्बल्डनच्या स्त्रियांच्या अंतिम सामन्यात असा निकाल याआधी १९११ साली लागला होता. कोणत्याही ग्रँड स्लॅमचं म्हणाल तर १९८८ चं पॅरिस, ग्राफ आणि झ्वेरेव्हा.
डावखुरीताई, तीन सेट म्हणाला होतात. झाले दोन, पण विजेती तुमची. स्पर्धेआधीपासून एकट्या तुम्ही म्हणत होतात.

डावखुरी | १२ जुलै, रात्री
आनंद झालाय, पण शेवटी शेवटी बघवेना. अनिसिमोव्हाची सर्व्हिस पहिल्या गेमपासून अडखळत होती. टॉसला हात वर गेला की खांदे आखडलेले दिसायचे. प्रेक्षक तिच्या प्रत्येक पॉइंटला उठून टाळ्या देत होते आणि त्याने दडपण वाढतच गेलं. इगाने मात्र एकदाही पाय मागे घेतला नाही. घ्यायचाही नसतो. सहा ग्रँड स्लॅम अंतिम सामने, सहाही जिंकलेले, आता तिन्ही प्रकारच्या कोर्टांवर.

ड्रॉपशॉट | १२ जुलै, रात्री
पहिल्या फेरीत हीच अनिसिमोव्हा ६-०, ६-० जिंकली होती आणि शेवटच्या फेरीत तोच स्कोअर उलटा. नंतरच्या भाषणात आईबद्दल बोलताना रडली तेव्हा मीही पडद्याकडे पाठ केली.

हिरवळ | १३ जुलै, रात्री
सिनर. ४-६, ६-४, ६-४, ६-४. एकेरीत विम्बल्डन जिंकणारा पहिला इटालियन.
चौथ्या सेटमध्ये ४-३ वर सर्व्हिस करताना १५-४० होता. त्याच दोन ब्रेक पॉइंट्सवर (त्याची सर्व्हिस मोडायच्या संधींवर) सगळं पॅरिस परत येऊ शकलं असतं. दुसऱ्या सर्व्हिससुद्धा त्याने खोल टाकल्या, अल्काराझला पुढे येऊच दिलं नाही. बेसलाइनमागचा तो तपकिरी पट्टा सोडून अल्काराझला आज कुठेच जाता आलं नाही.

ड्रॉपशॉट | १३ जुलै, रात्री
अभिनंदन. पहिला सेट २-४ वरून सलग चार गेम घेऊन जिंकला तेव्हा मी मिठाईची भाषा करत होतो. त्यानंतर सिनरने सर्व्हिसवर एकही ढिला गेम दिला नाही. ड्रॉप शॉट तर आज अल्काराझचे निम्मे नेटमध्ये वाटले. मधेच प्रेक्षकांतून शॅम्पेनचं बूच कोर्टावर येऊन पडलं, तेवढाच विरंगुळा.

चिपअँडचार्ज | १३ जुलै, रात्री
सिनरला मी दोन्ही याद्यांत धरलं नव्हतं, हे कोणी काढायच्या आधी गवताकडे वळतो.
दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनचे खेळाडू वर आले, कबूल. पण दिमित्रोव्हचा स्नायू टिकला असता तर? तुमचा सिद्धान्त ज्या विजेत्यावर उभा आहे, तो चौथ्या फेरीतच बाहेर होता, आणि त्याला तिथून गवताने वाचवलेलं नाही. स्त्रियांत मात्र सिद्धान्त चोख बसला. एकात बसला, एकात नशिबाने बसला. मी निम्मे गुण देतो.

हिरवळ | १३ जुलै, रात्री
निम्मे घेते. जोकोविच आणि अल्काराझविरुद्धचे सामने मात्र नशिबात मोडत नाहीत.

नवखा_प्रेक्षक | १४ जुलै
मग पैज कोण जिंकलं?

हिरवळ | १४ जुलै
विजेता आणि विजेती दोन्ही बरोबर असलेलं कोणीच नाही. डावखुरी पहिल्या. इगा दोन्ही याद्यांत, शिवाय गॉफचा बळी. माझा मेदवेदेव आणि दुसऱ्या यादीतला सिनर, म्हणून मी मागोमाग. ड्रॉपशॉटची अनिसिमोव्हा अंतिम फेरीपर्यंत गेली, त्याचे थोडे. आजोबांना १९७३ चे मानाचे.

आजोबा७३ | १४ जुलै
मानाचे नकोत. दुहेरीचे द्या. कॅश आणि ग्लासपूल जिंकले शनिवारी. दोघंही ब्रिटिश असलेली जोडी १९३६ नंतर पहिल्यांदा जिंकली, आणि या धाग्यावर दुहेरीबद्दल एक ओळ नाही.

चिपअँडचार्ज | १४ जुलै
दुहेरी यादीत होतीच कुठे?

आजोबा७३ | १४ जुलै
तेच म्हणतोय.

हिरवळ | १४ जुलै
अमेरिकन ओपनच्या धाग्यात घेऊ. मिश्र दुहेरी यंदा मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यातच उरकणार आहेत, एकेरीतली मोठी नावं खेळणार आहेत, म्हणजे तो धागा लवकर काढावा लागेल. तिथे हार्ड कोर्ट. अंदाज एकदाच.